देखभालीच्या संशोधनात लोकांचा वाटा
हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून सहभागाच्या आणि साहाय्याच्या वाटा

हळदीच्या संशोधनासाठी हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे स्वतंत्र केंद्र उभारण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये घेतला. जिल्ह्याचे अर्थकारण ज्या पिकावर उभे आहे, त्याचा शास्त्रीय अभ्यास जिल्ह्यातच व्हावा, हा त्यामागील विचार योग्यच होता. याच जिल्ह्यात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची शुश्रूषा करणारी सून आहे, अपंग मुलाला शेजारणीच्या भरवशावर ठेवून मजुरीला जाणारी आई आहे आणि नातवंडांना सांभाळणारी, पण स्वतःला सांभाळणारे कोणी नसलेली आजीही आहे. त्यांच्या श्रमांचा आणि गरजांचा अभ्यास मात्र क्वचितच होतो. ज्याची मोजदाद होत नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. देखभालीच्या संशोधनाचे महत्त्व येथून सुरू होते.

सामाजिक देखभाल म्हणजे काय?

आजारावर उपचार करणे हे वैद्यकीय सेवेचे काम. परंतु उपचारानंतर, किंवा ज्यावर उपचार नाही अशा अवस्थेत, माणसाला रोजच्या जगण्यात जी मदत लागते, ती सामाजिक देखभाल होय. वृद्धांना आंघोळ घालणे, दिव्यांग व्यक्तीला शाळेत वा कार्यालयात नेणे-आणणे, मनोरुग्णाला वेळेवर औषध देणे, निराधार मुलांचे संगोपन करणे, एकट्या पडलेल्या स्त्रीला निवृत्तिवेतन आणि जमिनीवरील हक्क मिळवून देणे, ही सर्व कामे या व्याख्येत येतात. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा असतात. आपल्याकडे हा भार कुटुंबावर, आणि कुटुंबातही प्रामुख्याने स्त्रियांवर आहे. सरकारी मदत सामाजिक न्याय, महिला व बालविकास, आरोग्य, महसूल अशा अनेक विभागांत विखुरलेली आहे.

या भाराचे मोजमाप अलीकडे होऊ लागले आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वेळेच्या वापराचे देशव्यापी सर्वेक्षण केले. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींच्या देखभालीत सहभागी होत्या, तर पुरुषांचे हे प्रमाण २१.४ टक्के होते. सहभागी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे, तर पुरुष ७४ मिनिटे देत होते. देशाचे हे चित्र उपयुक्त आहे. मात्र सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील एखाद्या गावात कोणत्या घरात कोण कोणाला सांभाळते आणि त्याला कशाची गरज आहे, हे त्यातून कळत नाही.

हिंगोलीचे चित्र

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५ असून त्यातील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात. कळमनुरी परिसरात आंध या आदिवासी जमातीची वस्ती असून तेथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के, तर दिव्यांगांची संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक नोंदली गेली. ही जनगणना अपंगत्वाच्या आठ प्रकारांवर आधारित होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मात्र २१ प्रकार मान्य केले. कायद्याने ज्यांना हक्क दिला, त्यांतील अनेकांची गणतीच जुन्या आकड्यांत नाही. त्यातच २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना पुढे ढकलली गेली. जिल्हा पातळीवरील नियोजन त्यामुळे दीर्घकाळ शिळ्या आकड्यांवर चालले. ही उणीव भरून काढण्यासाठी गावपातळीवरील लहान, पण काळजीपूर्वक केलेले अभ्यास मोलाचे ठरतात.

अभ्यासातून धोरण : महाराष्ट्राचा अनुभव

लोकांच्या सहभागाने केलेल्या संशोधनातून धोरण बदलल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला आणि तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच समजूत होती. याच संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. या संशोधनात माहिती गोळा करणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या स्त्रिया त्याच गावांतील होत्या, ही बाब महत्त्वाची.

दुसरे उदाहरण आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीचे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत तिचा प्रारंभ झाला. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यपातळीवर समन्वय साधला. गावसमित्यांनी आरोग्यकेंद्रातील सेवांची माहिती स्वतः जमवून गुणपत्रक तयार करावे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडावे, अशी ही पद्धत. माहिती जमवणारा आणि तिचा वापर करणारा एकच असल्याने अहवाल धूळ खात पडण्याची शक्यता कमी झाली.

मराठवाड्याला अधिक जवळचे उदाहरण शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या स्त्रियांचे आहे. महिला किसान अधिकार मंच अर्थात ‘मकाम’ने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांतील ५०५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. आपण निवृत्तिवेतनास पात्र आहोत, हेच सुमारे एकतृतीयांश स्त्रियांना ठाऊक नव्हते. आत्महत्या पात्र की अपात्र, एवढ्यापुरत्या मर्यादित राहिलेल्या चर्चेत घर, जमीन, मुलांचे शिक्षण आणि निवृत्तिवेतन हे प्रश्न या पाहणीने आणले. या स्त्रियांच्या हक्कांबाबत राज्य सरकारने २०१९ मध्ये स्वतंत्र शासननिर्णय काढला.

त्याच वर्षी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या समितीने ८२ हजार ३०९ स्त्रियांची पाहणी करून त्यांपैकी १३ हजार ८६१ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे नोंदवले. कार्यकर्ते जे सांगत होते, त्याला आकड्यांचा आधार मिळाला. करोनाकाळात पती गमावलेल्या स्त्रियांच्या बाबतीतही असेच घडले. कार्यकर्त्यांनी गावोगावी याद्या तयार करून पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली तालुकास्तरीय समित्या स्थापन करण्यात आल्या.

सहभागाचे चार प्रकार

संशोधन म्हणजे विद्यापीठातील विद्वानांचे काम, ही समजूत सहभागाच्या आड येते. प्रत्यक्षात सामान्य नागरिकाला चार भूमिका घेता येतात.

पहिली भूमिका माहिती देणाऱ्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण किंवा वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास यांसारख्या पाहण्यांत ज्या घराची निवड होते, ते घर हजारो घरांचे प्रतिनिधित्व करते. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वृद्धत्वाच्या अभ्यासात देशभरातील ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांनी माहिती दिली. अशा पाहणीत खरी उत्तरे देणे हाही संशोधनातील सहभागच आहे.

दुसरी भूमिका क्षेत्रकार्यकर्त्याची. भाषा, नातेसंबंध आणि गावातील चालीरीती ठाऊक असलेली व्यक्ती जी माहिती मिळवते, ती बाहेरच्या माणसाला सहसा मिळत नाही. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, बचतगटातील स्त्रिया आणि समाजकार्य शाखेचे विद्यार्थी यांना ही संधी अधिक असते. हे काम मोबदल्याचे आहे आणि तो आधी ठरलेला असावा. आशा वा अंगणवाडी सेविकांच्या नेमून दिलेल्या कामात अशा पाहण्यांची फुकट भर घालणे अन्यायाचे होय.

तिसरी भूमिका सल्लागाराची. कोणते प्रश्न विचारावेत, कोणत्या शब्दांत विचारावेत, कोणत्या वेळी घरी जावे, हे अनुभवी व्यक्तीच सांगू शकते. ब्रिटनमध्ये १९९६ पासून ‘इन्व्हॉल्व्ह’ या उपक्रमाद्वारे संशोधनाच्या आखणीत रुग्ण, काळजीवाहू आणि सामान्य नागरिक यांना स्थान देण्यात आले. २००९ मध्ये तेथे सामाजिक देखभालीच्या संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला वगळून होऊ नये, या दिव्यांग चळवळीच्या आग्रहाचाच हा विस्तार आहे.

चौथी भूमिका स्वतः संशोधन करण्याची. पदव्युत्तर प्रबंध, पीएच.डी. अथवा संस्थेचा छोटा प्रकल्प, अशा स्वरूपात ती पार पाडता येते.

मार्गदर्शन कोठे मिळते?

हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे येतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्र वा समाजकार्य या विषयांतील मान्यताप्राप्त मार्गदर्शक शोधण्यासाठी विद्यापीठाचा संशोधन विभाग हे पहिले ठिकाण होय. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर येथे ग्रामीण संकुल आहे. मराठवाड्यातील क्षेत्रकार्याचा अनुभव असलेले अध्यापक तेथे भेटू शकतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील १० नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा समावेश होता. जिल्ह्याच्या दृष्टीने ही मोठी संधी आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमात आता विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणकाळात त्यांच्या संपर्कात राहणे अपेक्षित आहे. या भेटी केवळ हजेरीपुरत्या न राहता वृद्ध, दिव्यांग आणि दीर्घकाळ आजारी व्यक्तींच्या गरजांची पद्धतशीर नोंद होऊ लागली, तर काही वर्षांत जिल्ह्याकडे स्वतःची माहिती तयार होईल. वैद्यकशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांना ‘प्रेरणा’ प्रकल्पाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये राज्य सरकारने तो सुरू केला. मराठवाड्यातील सर्व जिल्हे, म्हणजे हिंगोलीही, त्यात होते. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन ताणाखालील व्यक्ती ओळखाव्यात आणि त्यांना समुपदेशन मिळावे, अशी त्याची रचना होती.

आर्थिक साहाय्य

सामाजिक शास्त्रांतील संशोधनासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद ही देशातील प्रमुख संस्था. तिच्या लघु आणि मोठ्या प्रकल्पांसाठी, तसेच पीएच.डी. व त्यापुढील शिष्यवृत्त्यांसाठी वेळोवेळी अर्ज मागवले जातात. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आहे. प्रकल्पाचा अर्ज साधारणतः मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करावा लागतो. त्यामुळे स्वयंसेवी संस्थेने एखाद्या महाविद्यालयाशी आधीच सहकार्याचा करार करणे सोयीचे ठरते.

राज्य सरकारच्या स्वायत्त संस्थांकडून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती मिळते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याची ‘बार्टी’, मराठा व कुणबी समाजासाठी ‘सारथी’, तर इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची ‘महाज्योती’ या संस्था आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी संपर्क साधावा. जागांची संख्या आणि अटी दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात पाहूनच तयारी करावी.

पैशाइतकेच महत्त्वाचे साहाय्य माहितीचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रके विनामूल्य उपलब्ध आहेत. संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांची तालुकानिहाय संख्या, प्रलंबित अर्ज आणि नामंजुरीची कारणे माहितीच्या अधिकाराखाली तहसील कार्यालयातून मागवता येतात. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा नियम आहे. ती प्रत्यक्षात कशावर खर्च झाली, हा प्रश्न घेऊन एखाद्या गावाचा अभ्यास करण्यास मोठ्या निधीची गरज नाही. वही, चिकाटी आणि पूर्वपरवानगी पुरेशी आहे.

संमती आणि सन्मान

देखभालीचे संशोधन दुःखाच्या उंबरठ्यावर होत असते. त्यामुळे नीतिनियमांचे पालन येथे औपचारिकता ठरत नाही. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये आपली सुधारित तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांत सामाजिक व वर्तनविषयक संशोधनाला स्वतंत्र प्रकरण दिले.

या तत्त्वांचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. अभ्यास कोण करते, कशासाठी करते, माहितीचे पुढे काय होणार, हे समजेल अशा मराठीत सांगितले पाहिजे. संमती मुक्त असली पाहिजे. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नाकारण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा अधिकार माहिती देणाऱ्यास आहे. नकार दिल्याने रेशन, निवृत्तिवेतन वा उपचार थांबणार नाहीत, याची खात्री दिली गेली पाहिजे. बुडालेल्या मजुरीची आणि प्रवासखर्चाची भरपाई देणे योग्य, परंतु ती आमिष ठरू नये. नाव, गाव, आधार क्रमांक आणि छायाचित्र यांची गुप्तता राखली गेली पाहिजे. छोट्या गावात नाव बदलले तरी तपशिलावरून माणूस ओळखता येतो, याचे भान अहवाल लिहिताना ठेवावे लागते. अभ्यास सुरू होण्यापूर्वी संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घेणे आवश्यक असते. तिचे पत्र पाहण्याची मागणी कोणीही करू शकतो.

आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. पत्रकार, विद्यार्थी, अधिकारी आणि संस्था तेच प्रश्न घेऊन एकाच घरी वारंवार जातात. प्रत्येक भेटीत त्या स्त्रीला तो प्रसंग पुन्हा सांगावा लागतो आणि हाती काही पडत नाही. नवा अभ्यास करण्यापूर्वी आधीचे अहवाल वाचले तर यांतील बरेच प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. मुलाखतीत कोणी अस्वस्थ झाल्यास थांबण्याची आणि मदत मिळवून देण्याची तयारी हवी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक क्षेत्रकार्यकर्त्याजवळ असावा.

प्रारंभ कसा करावा?

पहिल्या अभ्यासासाठी प्रश्न लहान निवडावा. ‘ग्रामीण वृद्धांच्या समस्या’ हा विषय आवाक्याबाहेरचा आहे. ऊसतोडीच्या हंगामात घरातील कर्ते माणूस बाहेर गेल्यावर गावातील सत्तरीपुढच्या व्यक्तींचे जेवण आणि औषधे कोण पाहते, हा प्रश्न एका गावात, एका हंगामात तपासता येतो. त्यानंतर उपलब्ध आकडेवारी आणि जुने अहवाल पाहावेत. ज्यांच्याविषयी अभ्यास करावयाचा, त्यांच्यापैकी चार-पाच जणांशी बोलून प्रश्नावली तयार करावी आणि मोजक्या घरांत ती तपासून घ्यावी. मार्गदर्शक व नीतिसमितीची मान्यता, ग्रामपंचायतीस लेखी कल्पना आणि खर्चाचा साधा अंदाज, एवढी तयारी झाल्यावरच घरोघरी जावे.

शेवटचा टप्पा बहुतेक वेळा राहून जातो. निष्कर्ष इंग्रजी प्रबंधात बंद होतात आणि माहिती देणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. दोन पानांचा मराठी सारांश ग्रामसभेत वाचून दाखवणे, त्यावर गावकऱ्यांचे म्हणणे नोंदवणे आणि ठरावाची प्रत तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांना देणे, हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे. एखाद्या गावातील किती वृद्ध श्रावणबाळ योजनेस पात्र असूनही वंचित आहेत, हे नावांच्या गोपनीय यादीसह आणि त्या व्यक्तींच्या संमतीने संबंधित कार्यालयापर्यंत पोहोचले, तर त्या गावापुरता तो अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.